ट्रेलर की गोदाम?

तू विचारलंस की दुबईत दोन नोकऱ्या हातात आहेत, ट्रेलर ड्रायव्हरची आणि गोदामात स्टोअरकीपरची. ट्रेलरला पगार जास्त, पण वडिलांना पन्नाशीतच अटॅक आल्यामुळे देवगडला घरचे धास्तावलेत. माझं मत विचारशील तर गोदाम घे.

१९५३ साली जेरी मॉरिस या डॉक्टरांनी लंडनच्या डबलडेकर बसवरच्या माणसांचा अभ्यास प्रसिद्ध केला. बस तीच, पगारही साधारण तसाच. पण दिवसभर बसून असणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा जिने चढउतार करणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी. (ड्रायव्हरांच्या गणवेशाची कंबर मुळातच मोठ्या मापाची होती, हेही पुढे त्यांनीच दाखवलं. तेव्हा सगळा दोष सीटचा नाही.)

ट्रेलरवर नुसतं बसणं नसतं रे. रात्रीच्या फेऱ्या, बंदरातली रांग, माल वेळेत पोचवायची घाई, आणि गाडी कधी सुटणार ते दुसराच ठरवणार. डोक्यावर ताण आणि हातात काही नाही, हे हृदयाला फार वाईट. वर तासांचा हिशोब वेगळाच. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०२१ मध्ये सांगितलं की आठवड्याला ५५ किंवा जास्त तास राबणाऱ्यांना ३५-४० तासवाल्यांपेक्षा हृदयविकाराने मरण्याचा धोका १७ टक्के जास्त, पक्षाघाताचा ३५ टक्के जास्त. इथे दुबईत कायद्याने आठवड्याचे ४८ तास आहेत, ओव्हरटाइम वेगळा. एजंटला पगाराआधी तेच विचार.

गोदामातही खोके उचललेस म्हणजे व्यायाम झाला असं नाही. दिवसभर ओझी वाहणाऱ्याला मोकळं चालणाऱ्याइतका फायदा होत नाही, शरीराला विसावाच नसतो. एसी आहे की पत्र्याची शेड, तेही विचारून घे. १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन कामबंदी असते, पण ती उघड्यावरच्या उन्हातल्या कामासाठी.

आत्ता होडीवर जाळी ओढतोस, इथे ती हालचाल सुटेल आणि मेसचं तेलकट जेवण सुरू होईल. त्यामुळे निघण्याआधी ओरोसला जिल्हा रुग्णालयात किंवा जवळ जमेल तिथे बीपी, साखर, कोलेस्टेरॉल बघून घे. आपल्याकडच्या पुरुषांनी कंबर ९० सेंटीमीटरच्या आत ठेवावी म्हणतात. व्हिसाच्या मेडिकलवर विसंबू नकोस, तिथे भर टीबी, एचआयव्हीसारख्या आजारांवर असतो. तंबाखू खात असशील तर तो मात्र गावातच सोडून ये.

ऑफर लेटरवर तास आणि शिफ्ट लिहून घे, मग मला पाठव.