पनीर चिकट होतंय? निसिनचा डोस वाढवू नका

तुमचं वर्णन, म्हणजे निसिन (जंतू रोखणारं खाद्य-परिरक्षक) घालूनही फ्रीजमध्ये पाचव्या दिवशी पनीरवर बुळबुळीत थर आणि कुजकट वास, हे बहुतेक स्यूडोमोनास या थंडीतही वाढणाऱ्या जिवाणूचं काम आहे. निसिन बॅक्टेरियाच्या पेशीपटलातल्या लिपिड-2ला (पेशीभित्तिका बांधायच्या कच्च्या मालाला) चिकटून पटलाला भोकं पाडतं. पण स्यूडोमोनास, ई. कोलाय, साल्मोनेला या ग्रॅम-निगेटिव्ह मंडळींचं बाहेरचं आवरण त्याला आतच शिरू देत नाही. यीस्ट-बुरशीवरही ते चालत नाही. त्याचा खरा उपयोग ग्रॅम-पॉझिटिव्ह, म्हणजे असं बाहेरचं आवरण नसलेल्या जंतूंवर: लिस्टेरिया, स्टॅफिलोकॉकस आणि क्लॉस्ट्रिडियम-बॅसिलसच्या स्पोअर्सवर (सुप्त, टणक बीजाणूंवर). तेही स्पोअर मारत नाही, उगवू देत नाही.

आता डोसचा हिशोब. बाजारातल्या नेहमीच्या पावडरमध्ये निसिन फक्त 2.5 टक्के, बाकी बहुतांश मीठ. चीजसाठी कोडेक्सची (आंतरराष्ट्रीय अन्न-मानकांची) मर्यादा किलोला 12.5 मिलिग्रॅम, पण ती शुद्ध निसिनची. म्हणजे पावडर किलोला 0.5 ग्रॅम. "12.5" वाचून तेवढीच मिलिग्रॅम पावडर टाकणारे खूप, त्यांचा डोस चाळीसपट कमी पडतो. पनीरसाठीची चालू मर्यादा एफएसएसएआयच्या (भारतीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या) नियमांत बघूनच वापरा.

दुधात घालू नका, बराचसा भाग निवळीबरोबर वाहून जातो. उरलेल्यातलं काही फॅटला चिकटून निकामी होतं, आणि म्हशीच्या दुधात फॅट भरपूर. निवळी निथळल्यावर, दाबाखाली ठेवण्याआधी गरम छन्यात (फाटलेल्या दुधाच्या गोळ्यात) नीट कालवा. पावडर आधी सायट्रिक ॲसिडच्या पातळ द्रावणात विरघळवा. आम्लात ते चांगलं विरघळतं आणि टिकतं. दाबताना थोडं जाईलच.

आणि हो, हेच निसिन दह्याच्या दुधात गेलं तर विरजणच लागणार नाही, विरजणातले जंतूही ग्रॅम-पॉझिटिव्हच.

पण तुमचं दुखणं पाण्यात असावं. दूध 90 अंशांपर्यंत तापवता, त्यात स्यूडोमोनास मरतो. म्हणजे तो नंतर येतो: थंड पाण्याची टाकी, मलमलचं कापड, सुरी, हात. तपासायला एकाच घाण्यातला एक ठोकळा टाकीत न बुडवता, उकळून गार केलेल्या पाण्यात स्वच्छ भांड्यात थंड करा आणि नेहमीच्याच प्रकारच्या पिशवीत पॅक करा. दुसरा नेहमीसारखा. दोन्ही 4 अंशांवर ठेवा. पहिला टिकला तर टाकी रोज रिकामी करून घासा, पाणी क्लोरीनयुक्त ठेवा, कापड दर घाण्यानंतर उकळा. दोन्ही एकदमच चिकट झाले तर कापड आणि कापायच्या टेबलाकडे बघा.