संगणक शंकासमाधान : पोर्ट ८० कोणाच्या ताब्यात आहे?

प्रश्न : अप्पा बळवंत चौकात आमचे पाठ्यपुस्तकांचे दुकान आहे. पोटमाळ्यावरच्या विंडोज संगणकावर अपाची हा वेब सर्व्हर (ब्राउझरला पाने पुरवणारा प्रोग्रॅम) बसवून त्यावर साठ्याच्या नोंदींचा प्रोग्रॅम चालवतो आणि काउंटरवरचे संगणक तो ब्राउझरमधून वापरतात. हिशेबाचे नवे सॉफ्टवेअर घेतल्यापासून अपाची सुरूच होत नाही. नेहमीचा पत्ता टाकला की आमच्या पानाऐवजी निळ्या रंगाचे एक स्वागतपान उघडते. अपाची काढून पुन्हा बसवले, तरी फरक पडला नाही. अपाचीचा पोर्ट (संगणकात मागण्या येण्याचे क्रमांकित दार) बदलावा, असे एका परिचितांनी सुचवले आहे. बदलावा का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : एवढ्यात बदलू नये. निळ्या पानाची नोंद आपण आवर्जून केलीत, हे फार चांगले झाले, कारण निम्मे उत्तर त्यातच आहे. अपाची बंद असतानाही त्या संगणकाकडून पान येत आहे, याचा अर्थ नेटवर्क ठीक आहे आणि वेबपानांच्या नेहमीच्या पोर्ट ८० वर दुसराच वेब सर्व्हर बसलेला आहे. ते पान बहुधा विंडोजसोबतच येणाऱ्या आयआयएस या सर्व्हरचे असावे आणि हिशेबाच्या सॉफ्टवेअरने स्वतःच्या गरजेसाठी तो सुरू केला असावा. एका आयपी पत्त्यावरचा (नेटवर्कवरील संगणकाच्या क्रमांकावरचा) एक टीसीपी पोर्ट सर्वसाधारणपणे एकाच प्रोग्रॅमला मिळतो. त्यामुळे जो आधी सुरू होतो तो पोर्ट धरून बसतो आणि मागून येणाऱ्याला सुरूच होता येत नाही. अपाची पुन्हा बसवून उपयोग झाला नाही तो याचमुळे, कारण बिघाड अपाचीत नव्हताच.

अनुमानावर न थांबता खात्री करून घ्यावी. प्रथम अपाचीचा एरर लॉग (चुकांची नोंद) किंवा विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमधील ॲप्लिकेशन लॉग उघडावा. तेथे १००४८ किंवा १००१३ यांपैकी एखादा क्रमांक आढळेल. १००४८ म्हणजे पत्ता आधीच वापरात आहे. १००१३ चा मजकूर परवानगी नाकारल्याचा असतो, म्हणून अनेकजण ॲडमिनिस्ट्रेटरचे अधिकार देऊन पाहण्यात वेळ घालवतात. परंतु दुसऱ्या प्रोग्रॅमने पोर्ट केवळ स्वतःसाठी राखून घेतला असेल, तरीही हाच क्रमांक येतो. त्यानंतर कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून नेटस्टॅट ही आज्ञा ए, एन आणि ओ हे पर्याय जोडून द्यावी. येणाऱ्या लांबलचक यादीत ज्या ओळीचा स्थानिक पत्ता अपूर्णविराम (:) आणि ८० यांवर संपतो आणि जिची स्थिती ‘लिसनिंग’ (मागण्यांची वाट पाहत) आहे, तेवढीच ओळ आपल्या कामाची. ८०८० किंवा ८००० पाहून फसू नये. दूरच्या पत्त्याच्या रकान्यात ८० किंवा ४४३ दिसले तरी तो संघर्ष नव्हे, त्या तुमच्याच ब्राउझरच्या बाहेर गेलेल्या जोडण्या असतात.

त्या ओळीच्या शेवटी प्रोसेसचा क्रमांक, म्हणजे पीआयडी, असतो. तो ४ निघाला, तर टास्क मॅनेजरमध्ये त्यापुढे ‘सिस्टम’ असे नाव दिसेल. ती प्रोसेस बंद करण्याचा प्रयत्न कृपया करू नये; तो विंडोजचा गाभा आहे. आयआयएस स्वतः पोर्ट धरत नाही, विंडोजचा एचटीटीपी ड्रायव्हर (वेबच्या मागण्या स्वीकारणारा विंडोजचा अंतर्गत भाग) त्याच्या वतीने धरतो, म्हणून नाव ‘सिस्टम’चे लागते. त्या ड्रायव्हरमागे नेमके कोण आहे, हे ‘नेटश एचटीटीपी शो सर्व्हिसस्टेट’ या आज्ञेने कळते. आयआयएसखेरीज मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसची रिपोर्टिंग सर्व्हिसदेखील अशीच आडून पोर्ट ८० वापरते, आणि हिशेबाच्या सॉफ्टवेअरसोबत तीही आलेली असू शकते.

आता पोर्ट कोणाला द्यायचा, हे ठरवावे. पोर्ट आयआयएसकडे असेल, तर त्याची ‘वर्ल्ड वाइड वेब पब्लिशिंग सर्व्हिस’ ही सेवा थांबवली की अपाची सुरू करता येईल, पण हिशेबाचे सॉफ्टवेअर आयआयएसवर अवलंबून असेल तर तेच बंद पडेल. अपाचीच्या मुख्य कॉन्फिगरेशन फाइलमधील ‘लिसन ८०’ ही ओळ बदलून तेथे ८०८० करता येते, हे आपल्या परिचितांचे म्हणणे खरे आहे. मात्र तसे केल्यास प्रत्येक काउंटरवर पत्त्यापुढे ८०८० लिहावे लागेल आणि विंडोज फायरवॉलमध्येही तो पोर्ट उघडावा लागेल. जूनमध्ये शाळा सुरू होताना गिऱ्हाइकांची रांग लागलेली असते, तेव्हा हा खटाटोप कोणाला परवडणार? माझे मत स्पष्ट आहे : ज्याचा पत्ता अधिक माणसे रोज टाकतात त्याला ८० द्यावा. आपल्याकडे तो मान अपाचीचा आहे. आयआयएस मॅनेजरमध्ये त्या साइटच्या ‘बाइंडिंग्ज’मध्ये (पत्ता आणि पोर्ट ठरवणाऱ्या यादीत) जाऊन ८१ किंवा ८०८१ द्यावा, पण त्यापूर्वी सॉफ्टवेअर विक्रेत्याला विचारावे की त्यांच्या प्रोग्रॅममध्ये पोर्ट ८० कायमचा लिहिलेला तर नाही ना. तसे असेल तरच अपाची हलवावा.

प्रश्न : उबुंटू लिनक्सवर एनजिनएक्स हा वेब सर्व्हर सुरू करताना ९८ क्रमांकाची चूक येते. जुना अपाची थांबवला की काम होते, पण संगणक पुन्हा सुरू केल्यावर अडचण परत उभी राहते.
– एक विद्यार्थिनी, हडपसर

उत्तर : लिनक्सवर ९८ म्हणजेच पत्ता वापरात आहे. ‘सिस्टमसीटीएल स्टॉप’ या आज्ञेने सेवा तेवढ्यापुरती थांबते, संगणक चालू होताना ती आपोआप सुरू होऊ नये यासाठी ‘डिसेबल’ ही वेगळी आज्ञा द्यावी लागते. दोन्ही सर्व्हर हवे असतील, तर अपाचीला १२७.०.०.१ या, संगणकाच्या स्वतःपुरत्या, पत्त्यावर ८०८० द्यावा आणि एनजिनएक्सने ८० वर येणाऱ्या मागण्या त्याच्याकडे पाठवाव्यात. बदल केल्यावर संगणक एकदा पुन्हा सुरू करून ‘एसएस’ ही वापरातील पोर्ट दाखवणारी आज्ञा एल, टी, एन, पी या पर्यायांसह द्यावी. ती सुडो लावूनच (म्हणजे ॲडमिनिस्ट्रेटरच्या अधिकाराने) द्यावी, अन्यथा पोर्ट व्यापलेला दिसेल, पण तो कोणी व्यापला आहे ते दिसणार नाही.