मॉस्फेट चालू आहे, मग का तापतो?

प्रश्न : मायक्रोकंट्रोलरच्या ५ व्होल्टच्या पिनवरून आयआरएफ५४०एन हा मॉस्फेट (गेट या पिनवरच्या व्होल्टेजने चालू-बंद होणारा स्विच) वापरून मी १२ व्होल्टची, ५ अँपिअर घेणारी मोटर चालू-बंद करतो. हीटसिंक लावलेला नाही. मॉस्फेटला हात लावता येत नाही इतका तो तापतो. थ्रेशोल्ड, म्हणजे मॉस्फेट ज्या गेट व्होल्टेजला उघडायला लागतो ते, तर २ ते ४ व्होल्टच आहे, मग ५ व्होल्ट पुरायला नकोत का?

उत्तर : थ्रेशोल्ड या शब्दाने मलाही चकवलं होतं. सुरुवातीला लागोपाठ तीन मॉस्फेट जळाले, तेव्हा कुठे मी डेटाशीटमधली ती ओळ शेवटपर्यंत वाचली. तिथे अट लिहिलेली असते : करंट २५० मायक्रोअँपिअर. म्हणजे तेवढ्या व्होल्टेजला मॉस्फेट जेमतेम जागा होतो. तुमच्या मोटरला त्याच्या वीस हजार पट करंट हवा आहे.

तुम्ही बघायचा आकडा वेगळा आहे. चालू असताना ड्रेन आणि सोर्स (मोटरचा करंट ज्यांच्यामधून वाहतो त्या दोन पिना) यांच्यातला रेझिस्टन्स जास्तीत जास्त ०.०४४ ओहम, पण गेटवर १० व्होल्ट असतील तर. ५ व्होल्टला एखादा नग बरा चालेल, दुसरा अर्धवटच उघडेल. आणि अर्धवट उघडणं हेच वाईट. स्विच बंद असताना त्याच्यावर व्होल्टेज असतं पण करंट नसतो. पूर्ण चालू असताना करंट असतो पण व्होल्टेज नावापुरतं. अधेमधे दोन्ही असतात, आणि उष्णता म्हणजे त्यांचा गुणाकार.

म्हणून बोटावर विसंबू नका, मीटर लावा. मोटर सलग चालू ठेवून ड्रेन-सोर्समधलं व्होल्टेज मोजा. साधारण ०.२२ व्होल्ट आलं, तर १.१ वॅट. हीटसिंकशिवाय दर वॅटला जवळजवळ ६२ अंश वाढतात, म्हणजे मॉस्फेट धडधाकट असूनही बोट पोळेल. छोटा हीटसिंक पुरे. पण २ व्होल्ट आलं तर ते १० वॅट झाले, मोटर लगेच बंद करा. तिथे हीटसिंक शोधत बसू नका, गेटच सुधारा : ड्रायव्हर (५ व्होल्टच्या सिग्नलवरून गेटला जास्त व्होल्टेज देणारं सर्किट) लावून १० ते १२ व्होल्ट द्या, किंवा आयआरएलझेड४४एन हा मॉस्फेट घ्या. त्याचा ०.०२५ ओहम हा आकडा ५ व्होल्टलाच दिलेला आहे.

मोटरच्या दोन टोकांमध्ये उलटा जोडलेला डायोड आहे ना? पट्टीची बाजू प्लसकडे. तो नसेल तर मोटर बंद होताना उसळणारं व्होल्टेज नवा मॉस्फेटही घेऊन जाईल.