सॅम्पलच्या तोटीत अडकलेला घोट

प्रश्न : आम्ही सोयाबीनसाठी द्रवरूप रायझोबियम (मुळांवरच्या गाठींत राहून पिकाला हवेतला नत्र देणारा जिवाणू) बनवतो. फर्मेंटर, म्हणजे जिवाणू वाढवायची टाकी, ५०० लिटरचा. पहिले दोन दिवस सॅम्पल चांगलं येतं, तिसऱ्या दिवसापासून काँगो रेड हा लाल रंग घातलेल्या तपासणीच्या प्लेटवर लाल ठिपके दिसू लागतात. मीडिया (जिवाणूंचं खाद्य), हवेचा फिल्टर, विरजणाचं कल्चर, सगळं तपासून झालं. तोटी दर वेळी स्पिरिटने पुसतो. फोटो सोबत पाठवलाय. चुकतंय कुठे? (एक उद्योजक, जि. सातारा)

उत्तर : फोटो पाहिला आणि नजर तोटीवरच थांबली. तुम्ही बसवलाय तो साधा बॉल व्हॉल्व्ह, म्हणजे भोक असलेला गोळा फिरवून उघडझाप होणारा. पाण्याच्या लाइनीला तो उत्तम, फर्मेंटरला मात्र नको. तो बंद केला की गोळ्याच्या भोकात टाकीतला घोटभर रस अडकतो, गोळ्याच्या मागच्या सांदीतही झिरपतो. स्पिरिट तिथवर पोचतच नाही. मी कारखान्यात असताना सलग तीन बॅचेस नासल्यावर असाच एक व्हॉल्व्ह व्हाइसमध्ये धरून खोलला होता. आत तपकिरी, बुळबुळीत साय, आणि आंबलेल्या ताकासारखा वास. महिनाभर आम्ही फिल्टर बदलत बसलो होतो!

पण आधी खात्री करा. टाकी नासलीय की फक्त सॅम्पल? तोटी उघडताच आलेली पहिली धार एका निर्जंतुक बाटलीत घ्या. दोन लिटर वाहू द्या, मग ज्योतीजवळ दुसरी बाटली भरा. दोन्हींची प्लेट लावा. रायझोबियम काँगो रेड फारसा शोषत नाही, त्याच्या वसाहती पांढरट राहतात. पहिल्या प्लेटवर लाल ठिपके भरपूर आणि दुसरीवर तुरळक, तर दोष तोटीचा. दोन्हीकडे सारखेच असतील तर बॅच गेली. ती शेतकऱ्याच्या हाती देऊ नका, एवढी विनंती.

तोटीच्या जागी डायफ्राम व्हॉल्व्ह घ्या. त्यात रबराचा पडदाच रस अडवतो, दांड्याशी रसाचा संबंध येत नाही, आणि साचायला सांदी राहत नाही. टाकीपासून व्हॉल्व्हपर्यंतचा पाइप होईल तितका आखूड ठेवा, कारण त्या आंधळ्या तुकड्यातला रस हलत नाही. आडवा बसवताना बॉडीवरची खूण पाहून तिरपा करा, नाहीतर पडदा ज्यावर टेकतो त्या आतल्या बांधामागे पाणी साचतं. हे फिटरला उभं राहून सांगावं लागतं.

आता तोटी निर्जंतुक करायची वाफ. व्हॉल्व्हच्या बाहेरच्या तोंडाशी वाफेची जोडणी द्या, निचरा सर्वांत खाली. आधी आतली हवा पूर्ण निघू द्या. हवा अडकली तर तो कोपरा थंडच राहतो. निचऱ्यापाशी १२१ अंश सेल्सिअस दिसले की तिथून २० मिनिटं मोजा, वाफ सोडल्यापासून नव्हे. वाफ बंद केली की ती आत आटते आणि पोकळी बाहेरची हवा ओढते. म्हणून टाकीत थोडा दाब ठेवून लगेच व्हॉल्व्ह किंचित उघडा, म्हणजे रसच बाहेर ढकलत येईल. पहिला घोट टाकून द्या. सॅम्पल घेतल्यावरही पुन्हा वाफ द्याच. बहुतेक जण नेमकं हेच विसरतात.

सोयाबीनचा जिवाणू सावकाश वाढतो. उपरा आत शिरला की त्याला मागे टाकतो, म्हणून तुमच्याकडे तिसऱ्या दिवशी दिसतं. व्हॉल्व्हचा पडदा ईपीडीएमचा (वाफ सोसणारं कृत्रिम रबर) घ्या आणि दर काही बॅचेसनंतर काढून बोटांनी वाकवून बघा. कडक लागला किंवा बारीक भेगा दिसल्या तर त्याच दिवशी बदला.