जर्मनीत मास्टर्स करायचे आहे, सुरुवात कुठून करू?

प्रश्न : मी मेकॅनिकल इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. सीजीपीए ७.६. पुढच्या हिवाळी सत्रासाठी जर्मनीत मास्टर्सचा अर्ज करायचा आहे. सध्या विद्यापीठांची यादी करतो आहे. क्रम बरोबर आहे का?

उत्तर : यादी सावकाश करा, एपीएसचा अर्ज आधी भरा. तुमची शैक्षणिक कागदपत्रे तपासून दिल्लीचे एपीएस कार्यालय प्रमाणपत्र देते. १ नोव्हेंबर २०२२ पासून विद्यार्थी व्हिसासाठी ते सक्तीचे आहे आणि अनेक विद्यापीठे अर्जासोबतच मागतात. शुल्क १८,००० रुपये. एखादे गुणपत्रक राहिले की फाइल आठवडेच्या आठवडे अडकते. इकडे प्रवेशाची मुदत बऱ्याच ठिकाणी १५ जुलैला संपते, मास्टर्ससाठी तर अनेकदा त्याच्या कितीतरी आधी.

मग आपले गुण जर्मन पद्धतीत मोजून पाहा. तिथे १.० सर्वोत्तम, ४.० म्हणजे जेमतेम पास. कमाल गुणांतून आपले गुण वजा करायचे, कमाल आणि पासिंगच्या गुणांतील फरकाने भागायचे, तीनने गुणून एक मिळवायचा. पासिंग ४ ला असेल तर तुमचे २.४ भागिले ६, गुणिले ३, अधिक १, म्हणजे २.२. पासिंग ५ ला असेल तर तेच गुण २.४४ होतात. २.५ ची अट असलेले अभ्यासक्रम पुष्कळ आहेत, त्यामुळे हा फरक किरकोळ समजू नका. गुणपत्रकावर पासिंगची श्रेणी छापलेली नसेल, तर परीक्षा विभागाकडून सही-शिक्क्याचे पत्र आत्ताच घ्या.

काही विद्यापीठे अर्ज थेट घेतात, काही यूनि-असिस्टमार्फत, म्हणजे अनेक विद्यापीठांसाठी परदेशी विद्यार्थ्यांचे अर्ज तपासणाऱ्या संस्थेमार्फत. यूनि-असिस्टकडे पहिल्या अर्जाला ७५ युरो आणि त्याच सत्रातील पुढच्या प्रत्येक अर्जाला ३० युरो पडतात. सगळ्यात घातक चूक इथेच होते. काही विद्यापीठांना यूनि-असिस्टकडून फक्त व्हीपीडी, म्हणजे गुणांच्या प्राथमिक तपासणीचा दाखला हवा असतो. तो हाती आला की अर्ज झाला असे मुले समजतात. तो विद्यापीठाच्या पोर्टलवर जोडून वेगळा अर्ज करावाच लागतो, तोही मुदतीच्या आत.

पैशांचे म्हणाल तर व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कमच काढता येणाऱ्या खात्यात, वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात. त्यातून दरमहा ९९२ युरो काढता येतात. ‘जर्मनीत शिक्षण फुकट’ हे सरसकट खरे नाही. १३८६ साली स्थापन झालेले हायडेलबर्ग हे तिथले सर्वांत जुने विद्यापीठ बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात येते आणि त्या राज्यात युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना दर सत्राला १,५०० युरो शुल्क आहे. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठातही आता शुल्क लागते. यादी करताना राज्य आणि विद्यापीठ दोन्ही तपासा.

प्रश्न : मुलगी बारावी विज्ञान झाली आहे. तिला थेट तिथे पदवीला प्रवेश मिळेल का?

उत्तर : नुसत्या बारावीवर सहसा नाही. आधी स्टुडिएनकोलेगचे वर्षभराचे पूर्वतयारी शिक्षण आणि शेवटी परीक्षा. इंजिनीअरिंगसाठी त्यातला टी-कोर्स घ्यायचा. त्याच्या प्रवेशपरीक्षेलाच साधारण बी१ ते बी२, म्हणजे मध्यम पातळीचे जर्मन लागते, म्हणून भाषा आजच सुरू करा. भारतातील मान्यताप्राप्त विद्यापीठात पदवीचे पहिले वर्ष पूर्ण केले, तर त्याच विषयाशी संबंधित शाखेत थेट अर्ज करता येतो. भाषा कच्ची असेल तर आम्ही हाच मार्ग सुचवू, कारण ते वर्ष जर्मन शिकायलाही मिळते.