माल्कमकडे कान दे

प्रिय बेटा,

तुझ्या पत्रात दोन दुखणी आहेत. एक, पुण्यात शिकणारा तुझा चुलतभाऊ म्हणतो की एसी/डीसी हा ऑस्ट्रेलियन रॉक बँड म्हणजे तीन कॉर्ड (एकत्र वाजवलेले सूर) आणि आरडाओरडा, आयुष्यभर एकच गाणं फिरवून फिरवून वाजवलेलं. दुसरं, तू गाण्यांचे शब्द शोधून वाचलेस आणि तुला कसंतरीच झालं. तरीही रिफ, म्हणजे गिटारची ती पुन्हा पुन्हा येणारी ओळ, सुरू झाला की पाय हलायचा थांबत नाही. मग आपलंच काही चुकतंय का, असं तू विचारतेस.

आधी भावाचं बोलू. तीन कॉर्डचं तो खरं सांगतो. त्यांच्या 'बॅक इन ब्लॅक' गाण्याचा रिफ ई, डी आणि ए या कॉर्डवरच उभा आहे. त्याच्या हातात गिटार दे आणि म्हणावं, वाजव. बोटं लगेच बसतील, पण गाणं उभं राहणार नाही. आता तू हेडफोन लाव आणि सुरुवातीची काही सेकंदंच ऐक. आधी हाय-हॅटवर (ड्रममधल्या झांजांच्या जोडीवर) मोजणी, तिच्याबरोबर दाबलेल्या तारांची टकटक. मग ई येतो आणि आला तसा तोडला जातो. उजव्या हाताची कड तारांवर टेकते, डाव्या हाताची पकड सैल पडते, आवाज संपतो. त्यानंतर जी मोकळी जागा राहते तिच्यात फक्त फिल रडचे ड्रम चालत असतात. मग डी, पुन्हा तोड. मग ए. आपल्याला हलवते ती ही मोकळी जागा. नवशिक्याला ती सोसवत नाही, तो तिथे काहीतरी भरायला जातो. मी ऑर्केस्ट्रात वर्षानुवर्षं रिदम गिटार वाजवली आहे, म्हणून खात्रीनं सांगते: कॉर्ड वाजवायला महिन्याभरात येतो, वेळेवर थांबवायला फार उशिरा येतो.

ही जागा राखणारा माणूस म्हणजे माल्कम यंग. स्टेजवर शाळेचा गणवेश घालून धावणारा अँगस सगळ्यांना माहीत असतो, तुझ्या भिंतीवरही त्याचाच फोटो आहे. माल्कम त्याचा थोरला भाऊ, मागे अँपलिफायरजवळ उभा राहणारा. कोरसपुरता माइकपाशी येई आणि परत जागेवर जाई. ग्लासगोतलं हे कुटुंब 1963 मध्ये ऑस्ट्रेलियात गेलं आणि 1973 मध्ये सिडनीत दोघा भावांनी बँड काढला. नाव बहिणीनं सुचवलं, शिलाई मशीनवर लिहिलेलं वाचून. (आमच्या घरी मात्र त्या नावाची ओळख वेगळी होती. वडील भुसावळच्या लोको शेडमध्ये. त्या काळी रेल्वेची वीज मुंबईकडून इगतपुरीपर्यंत डीसी आणि तिथून पुढे आपल्या बाजूला एसी. शेजारच्या अँग्लो-इंडियन गार्डकाकांनी दिलेली कॅसेट मी घरी आणली, तेव्हा वडिलांनी आधी कव्हर निरखून पाहिलं आणि मगच ती लावू दिली.)

माल्कमची गिटार 1963 ची, ग्रेच कंपनीची. ती त्याला बँडच्या सुरुवातीच्या अल्बमांचा निर्माता हॅरी वांडा यानं दिली होती. माल्कमनं तिचा रंग खरवडला, ब्रिजजवळचा एक पिकअप (तारांचा आवाज टिपणारा भाग) ठेवून बाकीचे काढून टाकले आणि तारा इतक्या जाड लावल्या की आजच्या मुलांची बोटं सोलून निघतील. आणि अँपवर गेन, म्हणजे आवाज फाडणारं बटण, फार कमी. हे नीट लक्षात घे, कारण तू पाठवलेल्या रेकॉर्डिंगमध्ये गेन टोकाला आहे. हा आवाज ऐकून सगळ्यांना वाटतं की तो खूप फाटलेला आहे. प्रत्यक्षात तो बराच स्वच्छ असतो, त्याला वजन येतं ते हातातून. गेन वाढवला की कॉर्डमधले सूर एकमेकांत कालवले जातात, तोड बोथट होते आणि मोकळ्या जागेत गरगर भरते. तुझा अँप अर्ध्याच्या खाली आण आणि तोच रिफ पुन्हा वाजव. पहिल्यांदा फार वाईट वाटेल, कारण सगळ्या चुका ऐकू येतील. त्या ऐकू यायलाच हव्यात.

आपल्या भागात अशी तालाची शिस्त पाहायची असेल तर होळीला अक्कलकुव्याकडे काठी गावाला जा. तिथल्या राजवाडी होळीत रात्रभर मोठे ढोल चालतात. मोरपिसांचे टोप घातलेले, कमरेला भोपळे बांधलेले बुध्या नाचतात, आणि सगळ्यांचं लक्ष त्यांच्याकडेच असतं. पण तू ढोलवाल्याच्या बाजूला उभी राहा. तो एकच चाल धरून असतो. त्याला कंटाळा आला तर नाच तिथेच मोडेल. माल्कमचं काम हेच होतं, आणि "तेच तेच वाजवतात" म्हणणाऱ्या तुझ्या भावाला मी एकदा तिथे पहाटेपर्यंत उभं करीन.

आता शब्दांचं. यात मी तुला गोड काही सांगणार नाही. बँडचा 1980 पर्यंतचा गायक बॉन स्कॉट, त्याच्या आणि नंतरच्याही बऱ्याच गाण्यांत बाई म्हणजे पुरुषानं मिरवायची वस्तू आहे. त्या काळी असंच लिहीत, ही सबब मला पटत नाही. ते हलकं लेखन आहे आणि तुला कसंतरी झालं ते योग्यच झालं. तू चाहती आहेस म्हणून त्याचं समर्थन करायला जाऊ नकोस. आणि शब्द खटकले म्हणून पाय हलतो त्याचीही लाज धरू नकोस. तो ताल खरा आहे, तो त्यांनी घाम गाळून कमावला आहे. ज्याच्यावर जीव आहे त्याचं हीण दिसत असूनही जीव राहतो, आणि दिसतं ते दिसतं म्हणायला आपल्याला कोणी अडवलेलं नाही. मी काही गाणी कधीच लावत नाही. तूही तुझी यादी कर.

पण बॉनला तेवढ्यावर निकालात काढू नकोस. 1975 चं बॅगपाइपवालं गाणं घे, वर पोहोचायला वाट फार लांबची आहे असं सांगणारं. त्यात गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांची लूट होते, मार बसतो, मेहनतीचे पैसे बुडतात. ते मला पाठ आहे. एका गावी कार्यक्रम संपल्यावर आयोजक मानधन न देताच निघून गेले आणि आम्ही सगळे वाद्यं घेऊन टेम्पोत बसलो, तेव्हा मनात तेच चालू होतं. धुळ्याच्या वाटेवर, रात्री दोन वाजता, ऑस्ट्रेलियातल्या त्या माणसाला आमचं सगळं माहीत होतं.

19 फेब्रुवारी 1980 ला बॉन लंडनमध्ये गेला, अवघ्या तेहतिसाव्या वर्षी, दारूपायी. त्याच वर्षी 25 जुलैला 'बॅक इन ब्लॅक' हा अल्बम आला, नवा गायक ब्रायन जॉन्सन घेऊन. पूर्ण काळं कव्हर, आणि पहिल्या गाण्याआधी घंटेचे टोल. गेलेल्या मित्रासाठी काढलेला अल्बम, पण त्यात रडगाणं एकही नाही. बहामात बसून त्यांनी तो काही आठवड्यांत रेकॉर्ड केला. माल्कमला शेवटी स्मृतिभ्रंश झाला. 2008 ते 2010 च्या दौऱ्यात आपणच रचलेले रिफ त्याला पुन्हा शिकावे लागत होते, असं अँगसनं सांगितलं आहे. तरी तो रोज शिकून स्टेजवर जात होता. 2014 मध्ये तो थांबला, त्याची जागा पुतण्या स्टीव्हीनं घेतली, आणि 18 नोव्हेंबर 2017 ला माल्कम गेला. त्या दिवशी मी घरात कोणाशी फारसं बोलले नाही. घरच्यांना कारण सांगूनही कळलं नसतं. तुझी आजी विचारते ना, "हाई काय लाई ठेयेल शे?" (हे काय लावून ठेवलंय?) तिच्यावर चिडू नकोस. तिला एक दिवस शेजारी बसव आणि फक्त ड्रमकडे लक्ष द्यायला सांग. आपल्या खानदेशातल्या कानबाई देवीची गाणी रात्रभर म्हणणाऱ्या बाईला ठेका समजावून द्यावा लागत नाही.

एक गोष्ट मात्र मी सांगते म्हणून ऐकायचीच. कान. ब्रायन जॉन्सनला 2016 मध्ये दौरा अर्ध्यावर सोडावा लागला, कारण पूर्ण बहिरेपणाची भीती होती. पुढे नव्या उपकरणांच्या मदतीनं तो परतला, पण सगळ्यांच्या वाट्याला ते येत नाही. 85 डेसिबलला आठ तास ही सुरक्षित मर्यादा धरतात, आणि दर 3 डेसिबलला वेळ निम्मा होतो. म्हणजे 100 डेसिबलला जेमतेम पंधरा मिनिटं. आपल्याकडच्या वरातीत डीजेच्या भिंतीसमोर पोरं तासन् तास नाचतात. तू तिथे इअरप्लग घाल, कोणी हसलं तर हसू दे. हेडफोनचा आवाज निम्म्यावर ठेव. आणि सरावानंतर कानात शिट्टी वाजली तर दुसऱ्या दिवशी गिटारला हात लावायचा नाही.

परीक्षा संपली की अमळनेरहून सकाळच्या गाडीनं ये. गिटार आण, अँप माझ्याकडे आहे. तारांचा 12 गेजचा (जाड) सेट मी मागवून ठेवते, तिसरी तार गुंडाळलेली असलेला. पण घरी बसवू नकोस. त्या ताणानं नेक वाकते, तिच्या आतला ट्रस रॉड (ती सरळ ठेवणारी सळई) फिरवावा लागतो, नटच्या (नेकच्या टोकाशी तारा टेकतात त्या पट्टीच्या) खाचाही रुंद कराव्या लागतात. ते आपण इथे करू. तोवर आहेत त्याच तारांवर, मेट्रोनोम 94 ला लावून, नुसता ई. वाजवायचा आणि तोडायचा. डी मी सांगीन तेव्हा.

तुझी,
भुसावळची मावशी