रक्त गोठतं, साकळतं की गुठळी होते?

‘एचआयव्ही आणि क्षयरोग असणाऱ्यांच्या रक्त गोठण्यातील बदल’ असा माहितीपत्रकाचा मथळा तुम्ही योजलाय आणि विचारलंय, ‘गोठणे’ ठेवू की ‘साकळणे’ करू?

‘साकळणे’ माझा लाडका शब्द, पण इथे नको. मुका मार लागून कातडीखाली काळंनिळं झालं, की आपण रक्त साकळलं म्हणतो. म्हणजे ते वाहिनीबाहेर येऊन एका जागी साचलं. तुमच्या विषयातला धोका निराळा. इथे वाहिनीच्या आतच रक्ताचा गोळा बनतो, बहुधा पायाच्या खोल शिरेत, आणि तिथून तुकडा सुटून फुप्फुसात अडकू शकतो. याला मराठीत सरळ ‘गुठळी होणे’ म्हणतात. विश्वकोशी मराठीत गुठळी होण्याला ‘अंतर्क्लथन’ आणि ती वाहत जाऊन अडकण्याला ‘अंतर्कीलन’ म्हटलंय. शब्द नेमके आहेत, पण माहितीपत्रक हातात घेणारा माणूस तिथेच अडकेल.

‘गोठणे’ म्हटल्यावर थंडी आठवते हा तुमचा आक्षेप खराच. पाणी गोठतं, भीतीनेही रक्त गोठतं. पण जखमेतून येणारं रक्त थांबवण्याची शरीराची जी ताकद, तिच्यासाठी ‘रक्त गोठण्याची क्षमता’ हे आता रुळलंय. तेव्हा क्षमतेसाठी गोठणे आणि दुखण्यासाठी गुठळी, अशी वाटणी करा.

माझं खरं लक्ष गेलं ते ‘बदल’ या शब्दाकडे. तो अजिबात काढू नका, आणि त्याचा ‘वाढ’ही करू नका. एचआयव्हीत दीर्घकाळ धुमसणाऱ्या दाहामुळे रक्तवाहिन्यांचं अस्तर चेतवलं जातं आणि गोठण्याला लगाम घालणारी ‘प्रोटीन एस’सारखी प्रथिनं कमी पडू शकतात. क्षयरोगात फायब्रिनोजेन, म्हणजे गोठताना ज्याचे धागे बनतात ते प्रथिन, वाढतं; अनेकदा प्लेटलेट, म्हणजे गोठायला मदत करणाऱ्या रक्तातल्या बारीक पेशी, त्याही वाढतात. दोन्ही रोग एकत्र आले की गुठळीकडचा कल बळावतो. डी-डायमर हा रक्तातला प्रथिनाचा तुकडा वाढतो, तोही गुठळ्या होऊन विरघळत असल्याची खूण म्हणून. पण त्याच एचआयव्हीत प्लेटलेट घटूही शकतात, मग रक्तस्रावाची भीती. आणि क्षयरोगात खोकल्यातून पडणारं रक्त तर बहुतेकदा वाहिनीची भिंत झिजल्यामुळे येतं, त्याचा गोठण्याच्या बिघाडाशी संबंध असेलच असं नाही. दोन्ही बाजूंना झुकणारा काटा ‘बदल’ हा एकच शब्द सांभाळतो.

न विचारता एक सांगतो. मजकुरात ‘रक्त घट्ट झालं’ आणि ‘रक्त पातळ करणारी औषधं’ आली असतील, तर खोडा. ही औषधं रक्त पातळ करत नाहीत, ती गोठण्याच्या साखळीतली एखादी कडी अडवतात. ‘गुठळी रोखणारी औषधं’ लिहा. क्षयरोगावरच्या रिफॅम्पिसिन या औषधाने वॉरफरिन या गुठळी रोखणाऱ्या औषधाचा परिणाम घटतो. ‘गुठळी रोखणाऱ्या औषधाचा जोर कमी पडतो’ म्हटलं की वाचणाऱ्याला धोका लगेच कळतो. ‘पातळ करणाऱ्या’ म्हटलं तर त्याला वाटेल, बरंच झालं, रक्त जरा दाट राहील!

मथळा असा सुचवतो: ‘एचआयव्ही आणि क्षयरोगात रक्त गोठण्याच्या क्षमतेत होणारे बदल’. खाली उपमथळा, ‘गुठळीचा धोका कसा ओळखावा’.